तिसऱ्या टेबलावरचे राजे

आधी माझी चूक सांगून टाकतो, नाहीतर काकांबद्दल गोड गोड लिहिता लिहिता ती पुन्हा एकदा लपवून मोकळा होईन. जवळजवळ एक वर्ष आमचे काका आपली स्मरणशक्ती गेली असं समजून जगत होते. ती शाबूत आहे हे खात्रीने ठाऊक असलेला माणूस एकच होता, तो मी, आणि मी बोललो नाही. पन्नाशी उलटलेली, ऑफिसात दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणायची सवय, घरी मुलीला खरं बोलण्यावर भाषणं. तरी बोललो नाही. का, ते सांगायचं तर आधी काका सांगायला हवेत. ॲरिझोनात राहून अस्तुरिआसमध्ये वावरणारा माणूस मी तरी आयुष्यात हा एकच पाहिला.

अस्तुरिआस कुठे आहे हे लग्नाआधी मलाही माहीत नव्हतं. स्पेनच्या उत्तरेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या हिरव्या पट्ट्यात, बारा-तेराशे वर्षांपूर्वी एक लहानसं राज्य उभं राहिलं. काकांना त्या राज्यातल्या पहिल्या नऊ राजांशी देणंघेणं होतं. दहाव्यापासून पुढच्यांशी नाही. "पुढे सगळं मोठं होत जातं हो," ते म्हणायचे, "मोठ्यांकडे बघायला लोक आहेत." काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. मूळचे चिपळूणजवळच्या गावचे, चाळीसेक वर्षं ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये. नोकरी सगळी चिप बनवणाऱ्या कारखान्यात झाली. तिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, फक्त डोळे उघडे, आणि मग दिवसभर केसाहून बारीक रेघा तपासायच्या. "घरी आलो की काहीतरी लांबचं बघावंसं वाटायचं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना अस्तुरिआसवरचं एक जाडं, पाठीवरचं नाव पुसलेलं पुस्तक मिळालं आणि लांबचं बघायची सोय झाली. त्यानंतर काकांचं शरीर तेवढं आपल्यात राहिलं.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवून नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "या, सिलोराव." मला वाटलं आपल्याआधी कुणीतरी सिलोराव नावाचा पाहुणा येणार होता. मावशी आतून म्हणाल्या, "तुम्हालाच म्हणतायत. सवय करून घ्या." मग जेवायला बसल्यावर कळलं की सिलो हा सहावा राजा, आणि तो गादीवर आला तो बायकोच्या नात्याने. राजाची मुलगी केली म्हणून राजा. त्यामुळे घराण्यातला मी एकुलता एक जावई आपोआप सिलो झालो. मावशी पोळी वाढता वाढता मला म्हणाल्या, "माझ्या सासरची माणसं आठ. लग्न करताना मोजून घेतली होती. यांनी नंतर आणखी नऊ आणली, आणि ती कधी घरी जात नाहीत."

ते खरंच जात नसत. काकांच्या बोलण्यात हे राजे आपल्या आळीतल्या माणसांसारखे यायचे. दुसरा राजा फाविला, पहिल्या पेलायोचा मुलगा, तरुणपणीच शिकारीला गेला आणि अस्वलाने त्याला मारलं. एवढी एकच गोष्ट त्याच्याबद्दल धड माहीत आहे. काकांना त्याचं फार वाईट वाटायचं. "बाप एवढा लढवय्या, पोरगा दोन वर्षंही नीट टिकला नाही," असं ते परवाच स्मशानातून आल्यासारखं सांगत. इथे दुकानात मध अस्वलाच्या आकाराच्या बाटलीत मिळतो. ती बाटली काकांच्या घरात येत नसे. मावशी मध आणत, तो बाहेर गाडीतच स्टीलच्या डब्यात ओतत आणि बाटली तिथेच कचऱ्यात टाकत. एकदा ते आमच्याकडे नाश्त्याला आले असताना माझ्या मुलीने पॅनकेकबरोबर ती बाटली टेबलावर ठेवली.  काकांनी हलक्या हाताने अस्वलाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मग खायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट हनी." काका म्हणाले, "फाविलालाही जस्ट अस्वलच वाटलं असणार, बाळ."

त्या मुलखात सफरचंदाचं पेय हात डोक्यावर नेऊन उंचावरून ग्लासात ओततात, असं त्यांच्या वाचनात आलं. तेव्हापासून त्यांच्या घरी ताक तसं ओतलं जाऊ लागलं. काका डायनिंग टेबलापाशी ताठ उभे राहायचे, एक हात वर, एक हात खाली, नजर समोर भिंतीवर, कारण ओताना ग्लासाकडे बघायचं नसतं असा त्यांचा दावा होता. मावशी मागे पोछा घेऊन उभ्या. निम्मं ताक ग्लासात आणि निम्मं कढीपत्त्यासकट फरशीवर. पण ती बारीक पांढरी धार पडत असताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही शांत पसरायचं की पोछ्याचं कुणाला काही वाटत नसे, मावशींना सोडून.

उन्हाळ्यात इथे बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून सकाळी दुकानं उघडण्याआधी बरीच वयस्क मंडळी मॉलमध्ये चालायला जातात. सुट्टीच्या दिवशी मीही काकांबरोबर जायचो. बंद शटर, झोपलेले सरकते जिने, काचेच्या छतातून येणारा दुधी उजेड, आणि शेजारून काकांचा मंद आवाज. बुटांच्या दुकानापाशी ते म्हणत, "इथे दरीत धुकं असतं." पुढे घड्याळांच्या दुकानाशी वळताना, "इथून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही." तिसऱ्या फेरीला मला खरंच तो ऐकू यायचा. कारंज्याचा आवाज असेल. पण मी त्यांना तसं म्हणालो नाही, आणि स्वतःलाही म्हणालो नाही. त्या काचेच्या उजेडात पाचवा राजा आउरेलिओ आमच्याबरोबर चालायचा, ज्याने एकही लढाई केली नाही. काकांच्या मते तो जगातला सगळ्यात सभ्य राजा. आणि सिलोची आई यायची.

सिलोच्या आईवर काकांची खरी भक्ती होती. जुन्या काळच्या एका लिहिणाऱ्याने फक्त एवढंच लिहून ठेवलंय की सिलोने दक्षिणेच्या अरबांशी सलोखा ठेवला, आईमुळे. बस. आई कोण, कुठली, तिने काय केलं, काही नाही. "एवढं महत्त्वाचं, आणि लिहिलंच नाही त्या गृहस्थाने," काका हळहळायचे. दर वर्षी त्यांचा तिच्याबद्दल नवा तर्क असायचा. एका वर्षी ती दक्षिणेतली होती. एका वर्षी ती तिकडे ओलीस होती. एका वर्षी ती नुसतीच आजारी होती आणि तिला घरात आरडाओरडा नको होता.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही त्यांना स्पेनची तिकिटं काढून द्यायचं ठरवलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग म्हणाले, "तिथे आता हायवे असेल हो. आउरेलिओ कुठे भेटणार? इथे तो रोज भेटतो." इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना विचारायचे की आपले महाराज असताना हे कुठले परके राजे. काका अजिबात चिडायचे नाहीत. "महाराजांचं सांगायला लाखो माणसं आहेत. आउरेलिओला मराठीत मी सोडून कोण आहे?"

या प्रश्नातूनच पुढचं सगळं झालं. मी तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमांचं बघायचो. दिवाळीच्या जेवणानंतर अर्धा तास काकांना द्यायचा असं मी ठरवलं. काकांनी त्यासाठी सात महिने काम केलं. जेवणाच्या टेबलांवर अंथरायचे पांढऱ्या कागदाचे मोठे रोल मंडळ आणतं आणि ते माझ्या गराजमध्ये असतात. त्यातलाच एक मी त्यांना दिला होता. त्यावर त्यांनी नऊ राजे काढले, रंगवले, खाली नातीगोती लिहिली. प्रत्येकाला एका टेबलाएवढी लांबी, संस्थापक म्हणून पेलायोला दोन टेबलांची. चित्रं आत येतील अशी गुंडाळी केली आणि आदल्या दिवशी स्वतः येऊन माझ्या व्हॅनमध्ये ठेवली. "सिलोराव, हे नऊ जण तुमच्या हवाली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या जेवणघरात मी टेबलं लावत होतो. केटरर लवकर आला होता, लोकही लवकर आले होते, नावं ठेवायला तर त्याहून लवकर. मी हाताला आला तो रोल उलगडत गेलो. बाहेरची बाजू कोरी, ती वर. पहिलं टेबल, कात्री. दुसरं टेबल, कात्री. तिसऱ्या टेबलाशी कात्री फिरवली आणि एसीच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उलटला. खाली तपकिरी अस्वल होतं, मागच्या पायांवर उभं, आणि त्याच्यापुढे निळ्या अंगरख्यातला फाविला.

आता मी हे लिहितो तेव्हा स्वतःला विचारतो, त्या वेळी किती वेळ गेला असेल. दोन सेकंद असतील. नागपूरकडचं एक कुटुंब ताटं हातात घेऊन उभं होतं. त्यातले गृहस्थ म्हणाले, "जागा झाली का भाऊ? पोरं भुकेली आहेत." तीन टेबलं कापून झालीच होती. ती चिकटवता आली असती. उरलेले सात राजे अखंड राहिले असते. मी कोपरा हाताने सपाट केला, म्हणालो, "या, बसा," आणि चौथ्या टेबलाकडे गेलो. सातव्यावर आणखी एकदा कागद उलटला. खिडकीशी उभी एक बाई होती, तिला चेहरा काढलेला नव्हता. मी तिच्यावर पुरीचं तबक ठेवलं.

जेवण झाल्यावर आमच्याकडे पद्धत अशी की कागदाची चारही टोकं उचलायची, पत्रावळी, वाट्या, उरलंसुरलं सगळं त्यात बांधायचं आणि सरळ कचऱ्याच्या पिंपात. तेही मीच केलं. काका नव्या कोटात माझ्याजवळ आले. "रोल कुठे आहे?" मी म्हणालो, "कुठला रोल, काका? तुम्ही दिलाच नाहीत. घरीच राहिला असेल." हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की मला त्याची अजून भीती वाटते.  काकांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू त्यात अजून काही असेल. मग म्हणाले, "असेल. तसंच असेल. सॉरी हं, सिलोराव, तुमचा कार्यक्रम बिघडला." त्या अर्ध्या तासात आम्ही तंबोला खेळलो.

पुढचं मला मावशींच्या फोनवरून कळत गेलं. काकांनी दोन आठवडे घर उपसलं. मग दारांवर चिठ्ठ्या आल्या: गॅस बंद, पाणी बंद, चावी खिशात. डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द पाठ करून घेतले, उलटे आकडे म्हणून घेतले. "सगळं उत्तम आहे म्हणाले," मावशी सांगत होत्या, "पण हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, रोल गेला ना? सिलोरावांच्या हातात दिल्याचं मला डोळ्यांसमोर दिसतं आणि ते घडलंच नाही, मग आता मी कशावर विश्वास ठेवू?" मी फोनवर "हं" म्हणालो. मॉलमध्ये आमच्या फेऱ्या चालू होत्या, पण बुटांच्या दुकानापाशी धुकं येईना. गोष्ट मध्येच थांबायची. "आधी फ्रुएला की आउरेलिओ? जाऊ दे, माझं काही खरं नाही." आधी फ्रुएला, चौथा राजा. मला माहीत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. तेही मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांना आपलं आणखी एक विसरणं दिसलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. माझ्याकडे तेव्हा अशा समजुती भरपूर होत्या.

मग ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं, मुलीला मुद्दाम घेऊन या म्हणाले. टेबलावर एका वाटीत गाडीची चावी ठेवली होती. काका मुलीला म्हणाले, "तुला सोळा झाली ना? ही गाडी तुझी. आजपासून मी चालवणार नाही." मुलगी म्हणाली, "आजोबा, आर यू शुअर? यू ड्राइव्ह बेटर दॅन बाबा." ते हसले. आठवा राजा बेर्मूदो, एक लढाई हरल्यावर, आपण मूळचे धर्माधिकारी आहोत हे आठवून स्वतःच गादीवरून उतरला आणि पुतण्याला बोलावून घेतलं. ती गोष्ट काकांनी मला पन्नास वेळा सांगितली होती. आज त्यांनी तिचं नावही घेतलं नाही. फक्त म्हणाले, "कुणी उतरवायच्या आधी उतरावं. उद्या रस्त्यावर काही झालं तर?" आणि वाटी मुलीकडे सरकवली.

मुलीने चावी उचलायला हात पुढे केला तेव्हा मी तिचा हात धरला. म्हणालो, "काका, तुम्ही रोल दिला होता. व्हॅनमध्ये ठेवला होता. मी तो टेबलांवर अंथरला. तिसऱ्या टेबलापाशी मला कळलं होतं." मग मी खूप बोललो. केटरर, गर्दी, नागपूरचं कुटुंब, कात्री, एसी. माझं मलाच ऐकू येत होतं की मी घटना सांगतोय, एकामागून एक, आणि एकही वाक्य मला हवं तिथे पोचत नाहीये.

काकांनी वाटीकडे पाहिलं. "म्हणजे मी दिला होता," ते म्हणाले. मग पुन्हा, मावशींकडे वळून, "ऐकलंस? मी दिला होता." मग मला विचारलं, "फाविलावर कोण जेवलं?"

"नागपूरची मंडळी."

"पोटभर?"

"हो. श्रीखंड दोनदा घेतलं."

"त्याच्याकडे आयुष्यात कुणी जेवायला थांबलं नसेल," काका म्हणाले. उठले, वाटीतली चावी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि एकटे गाडी काढून दूध आणायला गेले. घरात दूध होतं. मावशींनी मला चहा दिला, त्यात साखर नव्हती, आणि मी मागितली नाही. मुलगी परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट इव्हन से सॉरी."

नव्हतोच म्हणालो. पुढचे तीन आठवडे मी ते म्हणायचे रस्ते शोधत होतो. कार्ड आणलं, त्यावर इंग्रजीत आधीच सगळं छापलेलं होतं, ते दिलं नाही. मेसेज लिहिला, खोडला. मिठाई नेली, काकांनी ती घेतली आणि मला "या, बसा" म्हणाले. सिलोराव नाही म्हणाले. दारांवरच्या चिठ्ठ्या मात्र एकेक करून उतरल्या होत्या.

मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. "गराजमधला एक रोल घेऊन या. कोरा. दोन्ही बाजू बघून आणा."

गेलो तेव्हा त्यांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावून ठेवला होता. खिडकीतून सकाळचं मऊ ऊन आत आलं होतं. आम्ही कागद अंथरला. मी गुडघ्यांवर बसून एक टोक दाबून धरलं आणि काका सरळ सहाव्या राजापासूनच सुरुवात करून काढू लागले. त्यांचा हात सावकाश पण न अडखळता चालला होता. खिडकीशी ती बाई, सिलोची आई, उभी राहिली. या वेळी त्यांनी तिला चेहरा काढला, साधा, आपल्याकडे कुठल्याही घरात दिसेल असा. मी विचारलं, "यंदा काय तर्क?"

"यंदा काही नाही. मला वाटतं ती मुलाला फक्त म्हणाली असेल, जा बाबा, बोलून ये."

मग त्यांनी तिच्या शेजारी एक चौकोन आखला आणि त्यात शब्दकोड्यासारखी घरं पाडून अक्षरं भरायला लागले. सिलोने बांधलेल्या चर्चमध्ये असाच चौकोन कोरलेला एक दगड होता. मधल्या अक्षरापासून सुरुवात करायची आणि डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, वाटेल तसं वळत कोपऱ्यापर्यंत जायचं. कुठूनही गेलं तरी तेच एक छोटं वाक्य वाचून होतं: हे सिलोने केलं. अक्षरं भरून झाल्यावर काकांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "बघा जाऊन, सिलोराव. कुठल्याही वाटेने जा. सावकाश जा."

मी मधल्या अक्षरावर बोट ठेवलं. दूर कुठेतरी पाणी वाहत असल्यासारखा आवाज येत होता; बहुतेक शेजाऱ्यांचं स्प्रिंकलर. मी एकदा उजवीकडून गेलो, एकदा खालून, एकदा वळणं घेत घेत, आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यात येऊन थांबलो. तिथून पुढे जायला अक्षर नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."